सोळाव्या वर्षीचं लायसन आणि घरची स्कूटर

दहावीचा निकाल लागला की घरात अकरावीच्या फॉर्मबरोबर स्कूटरच्या लायसनची चर्चा सुरू होते. क्लास भल्या सकाळी, बसचा भरवसा नाही, रोजची रिक्षा परवडत नाही. वर, ‘सोळा पूर्ण झाली की बिनगिअरची गाडी चालवता येते,’ असं शेजारचे काका छातीठोक सांगतात. काका खोटं बोलत नाहीत. त्यांची माहिती तीसेक वर्षं जुनी आहे, एवढंच.

१९८८ चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाला बिनगिअरची दुचाकी चालवायची मुभा होती. १९९४ च्या दुरुस्तीने ते शब्द बदलले आणि तिथे इंजिनाची मर्यादा आली: ५० सीसीपर्यंत. लूना होती तोवर या मुभेला अर्थ होता. आज घरोघरी दिसणाऱ्या ॲक्टिव्हा, ज्युपिटर, ॲक्सेस या गाड्या ११० ते १२५ सीसीच्या आहेत, आणि पन्नास सीसीची पेट्रोल स्कूटर शोरूममध्ये शोधूनही मिळणं मुश्कील. म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी काढलेलं लायसन खिशात असतं, पण ते घरच्या स्कूटरला लागूच होत नाही. या लायसनसाठी पालकाची लेखी संमती लागते, हे विशेष. सही करणारा बाप कागदावर नेमकं काय लिहिलंय ते बहुधा वाचत नाही.

इलेक्ट्रिक गाडीबद्दलही असाच घोळ आहे. ‘बॅटरीच्या गाडीला लायसन लागत नाही’ हे अर्धंच खरं. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असलेली हलकी गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरत नाही, म्हणून तिला नंबरप्लेट नाही आणि लायसनही नाही. तीच गाडी गल्लीतल्या मेकॅनिककडून ‘खोलून’ चाळीस-पन्नासने पळवायला लागलात की ही सवलत संपते. मोठ्या बॅटरी स्कूटरला तर ती मुळातच नाही.

यानंतरचा गैरसमज महागात पडणारा आहे: ‘पकडलं तर पाच-दहा हजारांची पावती फाडू.’ १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही, शिकाऊसुद्धा नाही. सतराव्या वर्षी हौसेने मारलेल्या एका फेरीपायी पदवी, नोकरी, पहिला पगार हे सगळं होऊन जाईल आणि पोरगा अजून कुणाच्या तरी मागेच बसलेला असेल. कलमात पालक ‘किंवा मालक’ असं म्हटलंय, तेही ध्यानात घ्यावं. भाच्याला सुट्टीत बुलेट देणारे मामाही यात येतात.

‘पण त्याने न विचारता चावी नेली!’ हा बचाव कायद्यात आहे, मात्र तो सिद्ध करायचं ओझं पालकावर आहे. पालकाची संमती होती असंच न्यायालय धरून चालतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे आपणच दाखवून द्यायचं. चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली, पोरगा महिनाभर रोज गाडी घेऊन क्लासला जातोय, सोसायटीच्या कॅमेऱ्यात ते दिसतंय. अशा वेळी ‘माहीत नव्हतं’ कोण मानेल? शिकाऊ लायसन असलेल्या मुलाच्या बाबतीत हे कलम लागत नाही, पण ते लायसन तो चालवत असलेल्या गाडीचंच हवं. इथे पुन्हा पन्नास सीसी आडवे येतात.

विम्याचं गणितही पालक चुकीचं मांडतात. अपघातात जखमी झालेल्याला किंवा मृताच्या वारसांना भरपाई मिळावी म्हणून न्यायाधिकरण बऱ्याचदा विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं. पण चालवणाऱ्याकडे लायसन नव्हतं, तर कंपनीला ती रक्कम मालकाकडून वसूल करायची परवानगी मिळू शकते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. अल्पवयीन पुतण्याने न विचारता चावी घेतली, असं मोटरसायकलच्या मालकाचं म्हणणं होतं. गाडीचा गैरवापर होऊ न देणं ही मालकाचीच जबाबदारी, असं म्हणत न्यायालयाने भरपाईचा भार त्याच्यावर कायम ठेवला. ही रक्कम लाखांत जाते. घर गहाण पडू शकतं.

दुसऱ्या टोकाला जाणारी मंडळीही आहेत. ‘अल्पवयीन आहे, त्याला काही होत नाही,’ असं कुणी दिलाशाने म्हणतं, कुणी संतापाने. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि काही तासांत जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा या समजुतीवर शिक्कामोर्तबच झाल्यासारखं वाटलं. संताप रास्त होता. मात्र बाल न्याय कायद्यात समुपदेशन, समाजसेवा आणि दंडापासून तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवण्यापर्यंतचे आदेश आहेत, आणि दंड पालकांना भरायला लावण्याचीही तरतूद आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवता येतं ते ‘निर्घृण’ गुन्ह्यासाठी, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे त्यासाठी. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही. दिल्लीतल्या २०१६ च्या एका कार अपघातावरून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला. तो न आवडणाऱ्यांनी रोख संसदेकडे वळवावा, मंडळातल्या सदस्यांकडे नव्हे.

पुण्याच्या प्रकरणात माझ्या मते अधिक बोलकं आहे ते अपघातानंतरचं. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आई-वडिलांना अटक झाली. गुन्हा स्वतःवर घे म्हणून घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणल्याचाही आरोप झाला. इतक्या टोकाचं नसलं तरी ‘आधी पोराला घरी आणा, मग बघू’ ही प्रतिक्रिया कुठल्याही घरात सहज उमटते, आणि आपण आई-बापाचं कर्तव्यच करतोय असं त्या क्षणी वाटतं. कायद्याने गाडी चालवणाऱ्यावर घातलेलं कर्तव्य वेगळं आहे: जखमीला जवळच्या दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, कळवणं. तेव्हा मुलाचा फोन आला की त्याला ‘तिथून नीघ’ म्हणू नये. ‘रुग्णवाहिकेला १०८ लाव, तिथेच थांब, मी येतोय’ एवढं सांगावं. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, मग तो करणारा कुणीही असो. गुन्हेगाराला लपवल्याबद्दलच्या कलमात (भारतीय न्याय संहिता, कलम २४९) नात्यामुळे सूट मिळते ती फक्त पती किंवा पत्नीला. आई-वडिलांचा त्यात उल्लेख नाही.