विश्लेषण : कंपनीचा ‘कार्बन हिशेब’ सॉफ्टवेअर कसे मांडते? आकडा नेमका कुठे चुकतो?

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर... सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना मोठ्या ग्राहक कंपन्यांकडून हल्ली दरपत्रकाबरोबर आणखी एक प्रश्नावली येते. वर्षभरात तुमच्या कारखान्यातून किती टन हरितगृह वायूंचे उत्सर्जन झाले, असा तिचा मुख्य प्रश्न. उत्तर टनांत हवे, पुराव्यासह हवे आणि दिलेल्या मुदतीत हवे. हा हिशेब करून देणारी सॉफ्टवेअर बाजारात भरपूर आहेत. बिले अपलोड करा, अहवाल तयार, असे त्यांच्या जाहिराती सांगतात. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर करते तो गुणाकार. गुणायचे काय आणि कशाने, हे कारखान्यातल्या माणसांनाच ठरवावे लागते आणि आकडा चुकतो तोही तिथेच.

हा हिशेब आता का मागितला जातो?

पहिले कारण ‘सेबी’. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून ‘बीआरएसआर’ हा शाश्वतता अहवाल देणे सक्तीचे आहे. त्यातील निवडक आकडेवारी म्हणजे ‘बीआरएसआर कोअर’. ती त्रयस्थाकडून तपासून घेण्याची अट २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांना लागू झाली. पुढे टप्प्याटप्प्याने २५०, ५०० आणि २०२६-२७ पासून सर्व एक हजार कंपन्या, असा हा क्रम आहे.

छोट्या कारखान्याचा शेअर बाजाराशी संबंध नसतो. तरीही तो या साखळीत येतो, कारण पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असे सेबीने सुचवले आहे. ज्याच्याकडून एकूण खरेदीच्या दोन टक्के किंवा अधिक माल घेतला जातो, असा पुरवठादार या व्याख्येत बसतो. आधीची अट सैल करून २०२५-२६ पासून हे ऐच्छिक करण्यात आले. पण ऐच्छिक कंपनीसाठी. खरेदी विभागाचा मेल आला की पुरवठादाराला ‘ऐच्छिक’ म्हणता येत नाही.

दुसरे कारण युरोप. त्याकडे पुढे येऊ.

स्कोप १, २, ३ ही काय भानगड आहे?

जगभर बहुतेक कंपन्या ‘जीएचजी प्रोटोकॉल’ या पद्धतीने हिशेब मांडतात. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि डब्ल्यूबीसीएसडी या संस्थांनी ती तयार केली. पहिली आवृत्ती २००१ची, सुधारित २००४ची. कंपनीच्या ताब्यातील जागेत किंवा वाहनात जळते ते स्कोप १ : जनरेटरचे डिझेल, भट्टीचा एलपीजी, एसीतून गळणारा गॅस. विकत घेतलेली वीज हा स्कोप २. उरलेले सगळे, म्हणजे कच्च्या मालापासून भाड्याच्या ट्रकपर्यंत आणि कर्मचाऱ्यांच्या प्रवासापासून विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंत, स्कोप ३. त्याचे १५ प्रकार आहेत.

एकाचा स्कोप १ हा दुसऱ्याचा स्कोप २ असतो. औष्णिक वीज केंद्रात जळलेला कोळसा त्या केंद्राच्या खात्यात स्कोप १ म्हणून येतो आणि वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या खात्यात स्कोप २ म्हणून. ही चूक नाही, रचनाच तशी आहे. म्हणून सगळ्या कंपन्यांचे आकडे बेरीज करून देशाचे उत्सर्जन काढता येत नाही.

गुणाकार कसा होतो?

सूत्र एकच : वापर गुणिले उत्सर्जन गुणांक. एक लिटर डिझेल जाळले की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक किलो एलपीजीमागे २.९८ किलो. इतर वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून घेतात. आयपीसीसीच्या पाचव्या अहवालानुसार मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात २८ पट तापवतो.

समजा, एका कारखान्यात वर्षाला १२ लाख युनिट वीज, १८ हजार लिटर डिझेल आणि १९ किलोचे ६०० व्यावसायिक सिलिंडर लागतात. एसीत वर्षभरात ‘आर-४१०ए’ हा गॅस १२ किलो भरला. ग्रीडच्या विजेचा २०२३-२४ चा गुणांक युनिटमागे ०.७२७ किलो आहे. तो धरला तर वीज ८७२ टन, डिझेल ४८ टन, एलपीजी ३४ टन आणि एसीचा गॅस २३ टन. एकूण ९७७ टनांच्या आसपास.

यातील एसीच्या गॅसकडे पुन्हा पाहा. फक्त १२ किलो. पण हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,९२४ पट तापवतो. त्यामुळे या १२ किलोंचा भार साडेआठ हजार लिटर डिझेलएवढा भरतो. अडचण अशी की एसी मेकॅनिकच्या बिलावर अनेकदा ‘सर्व्हिसिंग व गॅस चार्जिंग’ एवढेच लिहिलेले असते आणि पुढे एकरकमी रुपये. किती किलो, कोणता गॅस, याचा पत्ता नसतो. बिलात नसलेली गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर वाचू शकत नाही. ते त्या रकान्यात निमूटपणे शून्य धरते.

वीजबिलात कुठे फसगत होते?

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच या मापावर आकारणी होते. बिलावर केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच असे दोन्ही आकडे असतात. पैसे केव्हीएएचवर लागत असल्याने लेखा विभागाच्या एक्सेलमध्ये बहुधा तोच असतो. उत्सर्जनाचा गुणांक मात्र केडब्ल्यूएचसाठी, म्हणजे आपल्या नेहमीच्या युनिटसाठी आहे.

वरच्या कारखान्याचा पॉवर फॅक्टर ०.९५ धरा. १२ लाख केडब्ल्यूएचचे १२ लाख ६३ हजार केव्हीएएच होतात. चुकीचा रकाना उचलला की ४६ टन उत्सर्जन फुकट वाढते, जवळपास वर्षभराच्या डिझेलइतके! बिल खरे, गुणाकार अचूक, गुणांक सरकारी आणि तरीही उत्तर चूक. बिलाच्या पीडीएफमधून आकडे आपोआप उचलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हा रकाना एकदा माणसाने तपासून घ्यावा लागतो.

तारखांचाही घोळ असतो. मार्चचा वापर एप्रिलच्या बिलात येतो. बिलाच्या तारखेने नोंद केली की आर्थिक वर्ष सरकते. मुख्य कार्यालयाने एका पद्धतीने आणि प्लांटने दुसऱ्या पद्धतीने नोंदी केल्या तर वर्षात १३ बिलेही होतात. डिझेलच्या बाबतीत खरेदी आणि वापर यांत फरक असतो. ३१ मार्चला टाकीत शिल्लक असलेले डिझेल अजून जळलेलेच नसते.

वीज तेवढीच, तरी आकडा का बदलतो?

विजेचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२२-२३ साठी तो ०.७१६ होता, २०२३-२४ साठी ०.७२७. म्हणजे आपल्या उदाहरणातील कारखान्याने एक युनिटही जास्त वापरले नाही, तरी त्याचे उत्सर्जन १३ टनांनी वाढलेले दिसेल. सॉफ्टवेअरमध्ये जुना गुणांक राहून गेला असेल तर ते दिसणारही नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर घेताना डॅशबोर्ड किती देखणा आहे यापेक्षा गुणांक कोणत्या वर्षाचा, कोणाचा आणि तो बदलल्यावर जुन्या वर्षांचे आकडे जागचे हलतात का, हे विचारणे जास्त कामाचे. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये भारतासाठी जागतिक सरासरीचा गुणांक बसवलेला नाही ना, हेही पाहावे.

देशाचे ग्रीड एकच असल्याने गुणांकही देशभर एकच आहे. कारखाना कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाशेजारी असो की चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राशेजारी, ०.७२७ हाच आकडा लागतो. ही ‘स्थानाधारित’ पद्धत झाली. ज्याने करार करून पवन किंवा सौरऊर्जा विकत घेतली, त्याला ‘बाजाराधारित’ पद्धतीने त्या विजेचे उत्सर्जन शून्य दाखवता येते. जिथे अशा करारांची सोय आहे, तिथे दोन्ही आकडे द्यावेत, असे जीएचजी प्रोटोकॉलची २०१५ ची मार्गदर्शिका सांगते. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र कमी असलेला आकडाच झळकतो. वाचणाऱ्याने दुसरा शोधावा.

छतावर सौर पॅनेल असतील तर आणखी एक खाचखळगा. नेट मीटरिंगच्या बिलात ग्रीडला दिलेली वीज वजा झालेली असते. हिशेबात मात्र ग्रीडकडून घेतलेली पूर्ण वीज धरायची असते. वजाबाकीनंतरचा आकडा टाकला की रविवारी ग्रीडला दिलेली वीज सोमवारच्या वापरातून गायब होते.

स्कोप ३ : टन मोजायचे की रुपये?

धातूचे सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा भाग हाच आणि सगळ्यात कच्चाही हाच. आपला कारखाना वर्षाला ८०० टन पोलाद घेतो असे समजू. केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात टनभर कच्च्या पोलादामागे सरासरी २.५४ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी १.९१ आहे. ८०० टनांचे झाले २,०३२ टन. कारखान्याच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या दुपटीहून अधिक.

पण बहुतेक ठिकाणी असे मोजतच नाहीत. खरेदीची नोंद रुपयांत असते, म्हणून सॉफ्टवेअर ‘खर्चाधारित’ पद्धत वापरते : अमुक रुपयांच्या पोलादामागे तमुक किलो उत्सर्जन. यातील अनेक गुणांक अमेरिकेच्या किंवा युरोपच्या अर्थव्यवस्थेवरून काढलेले असतात. डॉलरचे रुपये करून ते इथे लावले जातात. पोलाद दहा टक्क्यांनी महागले की उत्सर्जनही कागदावर दहा टक्क्यांनी वाढते. खरेदी व्यवस्थापकाने घासाघीस करून दर पाडला तर पर्यावरणाचेही भले झाल्याचे दिसते!

सुरुवातीला अंदाज घ्यायला ही पद्धत ठीक आहे. उत्सर्जन कमी केल्याचा दावा करायला ती निरुपयोगी. भंगार वितळवून केलेले पोलाद आणि कोळशावरच्या ब्लास्ट फर्नेसचे पोलाद यांच्या उत्सर्जनात मोठी तफावत असते. ती रुपयांत दिसत नाही. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलादा’ची व्याख्या केली : टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन. पुरवठादाराकडून असे प्रमाणपत्र मिळाले, तर ८०० टनांमागे पावणेतीनशे टनांच्या आसपास फरक पडू शकतो. डिझेल, एलपीजी आणि एसीचा गॅस या तिन्हींची बेरीज १०५ टन आहे, हे लक्षात घेतले की जोर कुठे लावायचा ते कळते.

युरोपसाठी वेगळा हिशेब का?

युरोपीय महासंघाच्या ‘सीबॅम’ या कार्बन कराचा नुसत्या अहवालाचा टप्पा ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ असा होता. १ जानेवारी २०२६ पासून पैसे मोजण्याचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात. पोलादाच्या यादीत नट-बोल्टसारखे फास्टनरही आहेत. पैसे युरोपातील आयातदार भरणार, पण माहिती इथल्या कारखान्याने द्यायची. खरी माहिती नसेल तर युरोपीय आयोगाची ठोकळ मूल्ये लागू होतात आणि ती मुद्दाम चढी ठेवलेली आहेत. आयातदार तो फरक दरात कापून घेणार, हे सांगायला नको.

सेबीच्या अहवालासाठी केलेला आकडा इथे चालत नाही. तिथे हिशेब कंपनीचा, इथे वस्तूचा : एक टन बोल्टमागे किती? तिथे विजेचे उत्सर्जन धरतात. सीबॅममध्ये पोलादासाठी पक्क्या टप्प्यात केवळ थेट उत्सर्जन धरले जाते. उलट बोल्टसाठी आणलेल्या पोलादी तारेचे उत्सर्जन मात्र मोजावे लागते. ‘एकदा माहिती भरा, सगळे अहवाल मिळवा’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारावा.

छोट्या कारखान्याला सॉफ्टवेअर लागतेच का?

एकच प्लांट, एक वीजमीटर आणि दोन-तीन इंधने असतील तर नाही. जीएचजी प्रोटोकॉलची गणनपत्रके मोफत आहेत, सीबॅमसाठी युरोपीय आयोगाचा मोफत नमुनाही आहे आणि दोन्ही एक्सेलमध्येच आहेत. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या २०२१ च्या जागतिक सर्वेक्षणात ८६ टक्के कंपन्या स्प्रेडशीटवरच उत्सर्जनाची नोंद ठेवत होत्या. संपूर्ण उत्सर्जन नीट मोजतो असे केवळ ९ टक्के कंपन्यांनी सांगितले होते.

दहा प्लांट, शेकडो बिले आणि दरवर्षी तपासणी असेल तेव्हा सॉफ्टवेअरचे पैसे वसूल होतात. कारण आकडा कोणी, कधी, कोणत्या बिलावरून टाकला आणि नंतर कोणी बदलला याची नोंद त्यात राहते. एक्सेलमध्ये कोणीतरी खाना खोडतो आणि कोणालाच कळत नाही.

तपासनीस आला की तो डॅशबोर्ड पाहत बसत नाही. एखादी ओळ निवडतो आणि मूळ कागद मागतो : या महिन्याचे वीजबिल, त्या जनरेटरची लॉगबुक, वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशीचा डिझेलचा साठा. एसीवाल्याला पुढच्या वेळी बिलावर गॅसचे नाव आणि किलो लिहायला सांगणे, हे काम आजच करता येते आणि त्यासाठी कोणतेही लायसन्स विकत घ्यावे लागत नाही.