डिफरन्शियलची बेअरिंगे आणि घरची कार्यशाळा
वळणावर मोटारीचे बाहेरचे चाक आतल्याहून अधिक अंतर कापते, आणि हा भेद सांभाळणारे डिफरन्शियल ज्या निमुळत्या रोलर-बेअरिंगांवर फिरते ती झिजली, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पाठच्या आसनाखालून वेगाबरोबर चढणारी घरघर ऐकू येऊ लागते. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना तो स्वर पालटला, तर संशय बहुधा पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलला फिरविणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या, बेअरिंगावर घ्यावा.

बेअरिंगे बदलायची, तर तेल काढणे, ॲक्सल ओढणे, पुलरने जुने बेअरिंग उपटणे, हे सारे केवळ श्रमाचे काम. विवेक लागतो तो अन्यत्र: बेअरिंगांवरच्या टोप्या हाऊसिंगसह एकत्रच कातलेल्या असल्यामुळे त्या पूर्वीच्याच बाजूला व पूर्वीच्याच दिशेने बसाव्या लागतात, म्हणून सोडविण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्यात आणि शिमच्या पातळ चकत्या डाव्या-उजव्या अशा निराळ्या, जणू दप्तरी दाखल करून, ठेवाव्यात. नवी बेअरिंगे चढल्यावर पिनियन आणि तो ज्याला फिरवितो ते मोठे क्राउन-चाक यांच्या दात्यांतील मोकळीक डायल गेजने मोजावी. ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असते, व नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावा. असे गेज हाताशी नसेल त्याने, माझ्या मते, या कामाच्या वाटेला जाऊ नये. सुटा केलेला भाग मिस्त्रीकडे नेऊन जुळवून आणण्यात कोणताही कमीपणा नाही.