छतावरचं सोलर: खान्देशात ऐकू येणारं आणि खरं

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकला, की ‘आता सोलर दुप्पट वीज देणार’ असं हमखास ऐकू येतं. प्रत्यक्षात उलट घडतं. पॅनलला ऊन लागतं ते उजेडासाठी, उष्णतेसाठी नव्हे. पॅनलवर लिहिलेली क्षमता ही त्यातल्या सेलचं तापमान 25 अंश असतानाची असते. त्यापुढे दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. मेच्या दुपारी स्लॅबवरचं पॅनल 65 अंशांपर्यंत तापलं, तर 12 ते 16 टक्के वीज तिथेच गेली. म्हणून पॅनल छताला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळायला जागा हवी. एवढं सोडलं तर निरभ्र आकाशाचे भरपूर दिवस ही या भागाची मोठी जमेची बाजू आहे. महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये याच भागात, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला उभा राहिला.

‘सरकार 300 युनिट फुकट देतं’ हा सगळ्यात पसरलेला समज. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेच्या नावामुळे तो झाला असावा. फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झालेली ही केंद्राची योजना 75,021 कोटी रुपयांची असून तिचं लक्ष्य 1 कोटी घरांचं आहे. सरकार पैसे देतं ते संच बसवण्यासाठी: 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार, 3 किलोवॅटला 78 हजार. त्यापुढे 5 किलोवॅटचा बसवा किंवा 10 चा, अनुदान 78 हजारच. वीज तुमच्या छतावर तयार होते, किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट, महिन्याला 120. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात तापण्यातली घट धरूनही थोडी जास्त.

म्हणजे महिन्याला 250 युनिट जाळणाऱ्या घराला 3 किलोवॅट पुरून उरतो. तरीही बिल शून्य होईलच असं नाही, कारण स्थिर आकार द्यावाच लागतो. जास्तीची वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि पुढच्या महिन्यांत वळती होते. पण 31 मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो आणि शिल्लक युनिटना मिळणारा दर आपण विजेला मोजतो त्याहून बराच कमी असतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा संच बसवून ‘वीज विकून कमवा’ हा सल्ला घरगुती ग्राहकाच्या अंगाशी येतो. कूलरचे चार महिने आणि थंडीचे चार महिने यांत खूप फरक पडतो, म्हणून बारा महिन्यांची बिलं समोर ठेवूनच आकडा ठरवावा. 90 युनिटच्या घराला 5 किलोवॅट विकणं ही सरळ फसवणूक आहे.

अशा लहान ग्राहकांसाठी राज्याची ‘स्मार्ट’ योजना 2025 मध्ये आली, आणि तिच्याबद्दल गावोगाव फार कमी बोललं जातं. महिन्याला 100 युनिटपेक्षा कमी वापर असलेल्यांना 1 किलोवॅटचा संच, किंमत 50 हजार धरलेली. केंद्राचे 30 हजार मिळतात, त्यावर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्य 17,500 देतं. स्वतःचे फक्त 2,500 भरायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 5 हजार, सर्वसाधारण ग्राहकाला 10 हजार भरावे लागतात.

‘लाईट गेली तरी आपलं चालू राहील’ हाही समज काढून टाका. नेट मीटरवरचा साधा संच लाईट जाताच आपोआप बंद पडतो. तसं नसतं, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरच्या विजेचा धक्का बसला असता. लाईट नसताना घर चालवायचं असेल तर बॅटरीचा संच लागतो, त्याचा खर्च वेगळा. विकणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या भेटीतच सांगितली पाहिजे.

अनुदान एजंटच्या हातून येत नाही. संच बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर ते थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं. तोवर पैसे आपले, नाहीतर कर्जाचे. 3 किलोवॅटपर्यंत बँका तारणाशिवाय 2 लाखांपर्यंत कर्ज देतात. अनुदानासाठी पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतीय बनावटीचे लागतात, तेव्हा स्वस्त आयात पॅनलच्या मोहात पडू नका. सौर उपकरणांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, कोटेशनमध्ये तो तपासा. शेतातल्या सौर पंपाची योजना वेगळी, तिचा अर्ज इथे चालत नाही.

आता तरुणांबद्दल. ‘हा धंदा मोठ्या कंपन्यांचा’ असं आयटीआय झालेली मुलं म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं. व्हेंडर म्हणून नोंदणी करायला बँक हमी लागते आणि पाच वर्षं देखभालीची जबाबदारी घ्यावी लागते, हे खरं. पण नोंदणीकृत व्हेंडरला छतावर काम करणारी माणसं लागतातच: फॅब्रिकेशन, वायरिंग, अर्थिंग, कागदपत्रं. केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचं ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण याच कामासाठी आहे. हे कसब लहानसहान नाही. जुन्या धाब्याच्या घराचं मातीचं छत संचाचं वजन आणि वारा पेलेल का, पत्र्याखालचे पाइप कुठे आहेत, हे स्थानिक माणसालाच चटकन कळतं. पाच वर्षांच्या देखभालीला पुण्याहून कोणी दर महिन्याला येणार नाही. धूळ बसलेली पॅनल पहाटेच धुवावीत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग पडू देऊ नयेत. हे घरच्यांना समजावून सांगणाऱ्या माणसाला पुढची चार घरं त्याच गल्लीत मिळतात.

व्हेंडर निवडण्याआधी त्याचं नाव योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर पाहा आणि ओटीपी कोणालाही देऊ नका. वीजजोडणी अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर ती आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. बिल, अर्ज आणि बँक खातं एकाच नावाचं नसलं की अनुदान अडकतं. नाव बदलायला वेळ लागतो आणि केंद्राच्या योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतच आहे.