चिंधीला चोपडायचं काय?

ठासणीची बंदूक : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात कापडाचं ठरलं. घट्ट विणीचं, खळ धुऊन काढलेलं, निव्वळ सुती. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा धागा नको, कारण तो जळण्याआधी वितळतो आणि नळीला चिकटतो. आता त्या चिंधीला वंगण कशाचं लावायचं, हे पाहू. या विषयासाठी मी पूर्ण लेखांक राखून ठेवला होता. कापड चुकलं तर गोळी भरकटते. वंगण चुकलं तर पाच-सहा बार झाल्यावर पुढची गोळी नळीत अर्ध्यावरच अडकते, आणि दारूवर न टेकलेली गोळी तशीच उडवली तर नळी फुगू किंवा फुटूही शकते.

याचं मूळ काळ्या दारूत आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू पूर्ण जळून वायू होत नाही. तिच्या वजनाचा अर्ध्याहून थोडा जास्तच भाग घन रूपात मागे उरतो. उरतात ते मुख्यतः पोटॅशियमचे क्षार, म्हणजे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड. यांतले काही हवेतलं पाणी ओढून घेतात. सोलापूरच्या किंवा जालन्याच्या कोरड्या उन्हात त्यांची नळीत कडक खपली धरते. आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या दमट हवेत त्यांचा काळा राडा होतो आणि काही तासांत त्याखाली लोखंड गंजायला लागतं. दोन्हीकडे दुखणं एकच आहे, फक्त रूप वेगळं. म्हणून एकाच्या कामाचं वंगण दुसऱ्याच्या कामाचं असेलच असं नाही.

गोळी नळीच्या मापापेक्षा किंचित लहान असते. मधली फट चिंधी भरून काढते, नळीतल्या पिळाच्या खाचांत दबते आणि त्या पिळाची गिरकी गोळीला देते. वंगण लावलेली चिंधी गजाने खाली ढकलताना मागच्या बाराची खपली मऊ करून सोबत पुसत नेते. बार उडाला की तेच वंगण क्षणभर कापडाला आगीपासून वाचवतं. एवढी कामं करणाऱ्या पदार्थाने नळीत नवी घाण मात्र करता कामा नये, आणि घरात हाताशी असलेली बहुतेक तेलं नेमकी इथेच नापास होतात.

शिलाई मशीनचं तेल, मोटारीचं इंजिन ऑइल, गॅरेजमधलं ग्रीस ही सगळी खनिज तेलं. काळ्या दारूच्या आगीत त्यांचा डांबरासारखा चिकट थर बसतो. तो पाण्याने निघत नाही आणि प्रत्येक बाराने वाढत जातो. बंदूक धुऊन, कोरडी करून कपाटात ठेवताना गंज टाळायला खनिज तेल उत्तम. पण दारू भरण्याआधी ते पुसून काढलंच पाहिजे. वनस्पतींची तेलं, प्राण्यांची चरबी आणि मधमाश्यांचं मेण यांचा असा थर होत नाही. त्यांच्यासोबतची घाण मऊ राहते आणि साबण घातलेल्या गरम पाण्याने धुऊन जाते. खारवलेली चरबी किंवा लोणी मात्र कधीच नको, मिठाने नळी गंजते. कढवलेल्या तुपात मीठ नसतं, त्यामुळे तूप चालतं.

पुढचा प्रश्न पदार्थ कुठल्या तापमानाला वितळतो हा. खोबरेल २४-२५ अंश सेल्सिअसला पातळ होतं. सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारीचं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं. म्हणून बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाकडच्या किंवा मुलुंडला डोंगराकडच्या घरांत थंडीतल्या पहाटे बाटलीतलं खोबरेल पांढरं, घट्ट झालेलं दिसतं. उरलेलं जवळपास सगळं वर्ष ते पाण्यासारखं वाहतं. असं तेल नुसतं चिंधीला लावून ठेवलं तर खाली झिरपून दारू ओली करतं आणि बार फुसका जातो. दुसऱ्या टोकाला मधमाश्यांचं मेण. ते ६२ ते ६४ अंशांपर्यंत घट्टच असतं. नुसतं मेण लावलेली चिंधी कडक पुठ्ठ्यासारखी होते, खाचांत नीट दबत नाही आणि खपली मऊही करत नाही. या दोघांच्या मिश्रणातून हवं ते साधतं. मेण वाढवावं तसं वंगण उन्हात टिकतं, तेल वाढवावं तसं ते मऊ होतं. हे प्रमाण आपल्या हवेप्रमाणे ज्याने त्याने ठरवायचं.

आपल्याकडे बंदुकीच्या वंगणाचं नाव निघालं की १८५७ आठवतं. त्या प्रकरणाची धार्मिक बाजू आपण शाळेपासून ऐकतो. कारागिरीच्या बाजूने ते क्वचितच सांगितलं जातं, म्हणून इथे थोडा मुक्काम करू.

एनफिल्ड रायफलच्या आधी कंपनीच्या फौजेतल्या काही तुकड्यांकडे ब्रन्सविक रायफल होती. तिच्या नळीत दोनच खाचा आणि गोळीला भोवती एक पट्टा, तो त्या खाचांत बसायचा. ही गोळी चिंधीत गुंडाळून ठासत, आणि त्या चिंधीला लावलेलं वंगण होतं मेण आणि खोबरेल. शिपायांनी त्यावर कधी आक्षेप घेतला नाही. घेणार तरी कशावर? दोन्ही पदार्थ त्यांच्या घरातलेच.

मग ०.५७७ इंच नळीची एनफिल्ड आली. तिच्यात सुटी चिंधी नव्हती. गोळी आणि दारू एकाच कागदी पुडीत, आणि गोळीकडच्या टोकाला बाहेरून वंगण. चिंधीचं काम तो वंगण लावलेला कागदच करायचा. गोळी ०.५६८ इंचाची, म्हणजे फट अगदी अरुंद. ती सहज उतरावी म्हणून इंग्लंडमध्ये चरबी, स्टिअरिन आणि थोडं मेण असं बुळबुळीत मिश्रण ठरलं. पुडीचं दारूकडचं टोक दातांनी फाडायची कवायत होती, त्यामुळे बोटांना लागलेलं वंगण तोंडापर्यंत पोचणारच.

धोका कुणाच्या ध्यानातच आला नव्हता असं नाही. १८५३ मध्ये वंगण लावलेली काडतुसं हिंदुस्थानच्या हवेत टिकतात का, हे पाहायला इकडे पाठवली गेली. कलकत्ता, कानपूर आणि रंगून इथे ती शिपायांच्या कमरेच्या पेट्यांत घालून महिनोन्महिने वागवली. त्याच वर्षी बंगाल फौजेचा ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर याने लेखी बजावलं होतं की, हे वंगण जातिधर्माला बाधणारं नाही याची खात्री होईपर्यंत देशी पलटणींना ही काडतुसं देऊ नयेत. त्याचं पत्र मिलिटरी बोर्डाच्या दप्तरात पडून राहिलं. चाचणीत वंगण उन्हात टिकतं का एवढंच पाहिलं गेलं. पुढे कलकत्त्यात काडतुसं तयार करताना कंत्राटदाराने आणलेली चरबी कोणत्या जनावराची, हेही कुणी विचारलं नाही.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या कारखान्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाणी प्यायला लोटा मागितला आणि नकार मिळताच चरबीवरून टोमणा मारला. ती बातमी छावण्या-छावण्यांत पसरली. २७ जानेवारीला हुकूम सुटला की, काडतुसं कोरडी द्या आणि शिपायांना बाजारातून आणलेलं हवं ते वंगण लावू द्या. म्हणजे घोडं फिरून ब्रन्सविकच्या मेण-तेलावरच आलं. तोवर संशय वंगणावरून कागदाच्या चकाकीवर गेला होता. मेरठला २४ एप्रिलला ३ऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसं नाकारली, ती तर त्यांच्या नेहमीच्या वापरातली जुनीच होती. पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांना महूच्या वाटेवर शिपाई भेटले आणि त्यांच्या तोंडून या काडतुसांची हकीकत कळली. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला, त्यात हा प्रसंग आहे.

कारागिरीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच्याही पुढे घडली. चरबीचं ते मिश्रण, ज्याच्यासाठी एवढा अनर्थ ओढवला, ते आपल्या उन्हात धड कामही देईना. काडतुसं साठवणीत राहिली की चरबी कागदात जिरून जायची, जुनी होऊन खवट व्हायची, तिच्यातल्या आम्लाने शिशाच्या गोळीवर पांढरी पूड चढायची आणि आधीच घट्ट असलेली गोळी नळीत उतरेनाशी व्हायची. १८५७-५८ च्या लढायांत गोऱ्या सैनिकांनीच याच्या तक्रारी केल्या. अखेर १८५९ च्या सुमारास गोळीचा व्यास ०.५५० इंचावर आणला आणि वंगण म्हणून मुख्यतः मधमाश्यांचं मेण घेतलं. फट वाढवली तसं बुळबुळीत चरबीचं कामच उरलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की हा बदल चार वर्षं आधी करता आला असता. मेण-खोबरेलाचा अनुभव कंपनीच्याच कोठारात होता, पण प्रमाण ठरवणारे इंग्लंडातल्या वुलिचच्या थंडीत बसले होते.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. मेण घेताना ते मधमाश्यांचंच आहे ना, हे पाहावं. बाजारात मेण म्हणून मिळतं ते बहुतेकदा पॅराफिन, म्हणजे पुन्हा खनिजच. खऱ्या मेणाला मधाचा वास येतो, आणि हातात मळलं तर ते लवचीक होतं. पॅराफिनचा चुरा पडतो. महाबळेश्वरकडचे मधपाळ चांगलं मेण देतात. खोबरेल साधं घ्यावं, सुगंधी केशतेल नको.

पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरं लहान भांडं ठेवावं आणि त्यात मेण वितळवावं. थेट आचेवर ठेवू नये, तापलेलं मेण पेट घेतं. हे सांगायला नको, तरी सांगतो: दारूचा डबा त्या वेळी त्या खोलीत असता कामा नये. वितळलेल्या एका भागात तीन भाग खोबरेल ओतून ढवळावं, कापडाच्या पट्ट्या बुडवाव्यात, निथळू द्याव्यात आणि गरम असतानाच पिळून टाकाव्यात. गार झालेली पट्टी चिमटीत दाबली तर बोट तुकतुकीत व्हावं, पण थेंब सुटू नये. थेंब सुटला तर मेण थोडं वाढवायचं.

मुंबईच्या उन्हाळ्यासाठी माझी पसंती थोडी वेगळी आहे. तळकोकणात कोकमाच्या बियांचं तेल काढतात, ते मुठेल म्हणून टाचांच्या भेगांना लावतात. बोरिवली-घाटकोपरच्या बऱ्याच कोकणी घरांत गावाहून आणलेला त्याचा गोळा सापडेल. ते ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मे महिन्यातही घट्ट राहतं आणि बोटाच्या उबेने मात्र मऊ पडतं. एक भाग मेण, एक भाग मुठेल आणि दोन भाग खोबरेल असं मिश्रण केलं की पट्टी मेण-खोबरेलापेक्षा जास्त लवचीक राहते आणि झिरपत नाही. टकरच्या काळात हे कुणी सुचवलं असतं तर पलटणीतल्या कुणाचीच हरकत नसती.

बंदूक कशासाठी भरली आहे, त्यावरही वंगण बदलतं. निशाणबाजीच्या मैदानावर भरून लगेच उडवायचं असेल तर ओलं वंगण उत्तम. अमेरिकेत जुन्या लांब रायफलींचे शौकीन चक्क थुंकीने चिंधी ओली करतात आणि ती खपली झकास विरघळवते. त्या रायफलींच्या दस्त्यात झाकणाची छोटी पेटी असते, वंगण लावलेल्या चिंध्या ठेवायला. पण थुंकी काही मिनिटांत वाळते आणि भरलेल्या बंदुकीत राहिली तर गंज चढवते. सिंधुदुर्गातला शेतकरी भात पिकल्यावर रानडुकरं हाकलायला माळ्यावर बसतो, तेव्हा त्याची बंदूक रात्रभर भरलेली असते. तिच्या नळीत पीळ नसतो, चिंधीऐवजी बोळा ठासलेला असतो, पण नियम तोच लागू पडतो: दारूला टेकणारा बोळा कोरडा हवा, वंगण असलंच तर मेणाचं आणि वरच्या अंगाला. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ही सवलत पिकासाठी आहे, शिकारीसाठी नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा तिच्यामुळे शिथिल होत नाही. गावच्या घरात आजोबांची बंदूक असेल तर त्यांचा परवाना वारसाला आपोआप लागू होत नाही, हेही उपनगरात राहणाऱ्या नातवंडांनी ध्यानात ठेवावं.

वंगण जमलं की नाही, हे उडालेली चिंधी सांगते. बार झाल्यावर ती समोर काही पावलांवर पडलेली सापडते. मैदान मोकळं झाल्याची खात्री करून ती उचलावी आणि उलगडून पाहावी. मधोमध गोळी टेकली होती तिथे काजळीचा गोल डाग, त्याभोवती खाचांच्या दाबाचे ठसे आणि कडा किंचित उसवलेल्या, म्हणजे सगळं ठीक. मधोमध जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी पडलं किंवा कापड पातळ आहे. ठशांवरच सरळ चिरा गेल्या असतील तर दोष वंगणाचा नाही, नळीच्या तोंडाच्या धारेचा आहे. चिंधी चिकट, काळी आणि आखडलेली निघाली तर कुठूनतरी खनिज तेल शिरलं आहे. बहुतेक वेळा ते मागच्या साफसफाईनंतर नळीत राहून गेलेलं असतं.

पुढच्या लेखांकात टोपी आणि कान : दारू कोरडी असूनही बार का चुकतो.