कोलारच्या तलावांखालचे रसायन

बंगळूरच्या लालबागेत फिरावयास येणाऱ्यांच्या पायांखाली जो प्रचंड उघडा खडक आहे, तो सुमारे ३ अब्ज वर्षांपूर्वीचा असून, म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातील स्मीथ यांनी १९१६ साली त्याच्या जातीला ‘पेनिन्सुलर नाइस’ हे नाव दिले. आणि पूर्वेकडे, शहाजीराजांच्या जहागिरीत एके काळी मोडणाऱ्या कोलार मुलखाच्या बहुतेक शिवाराखालीही हाच खडक पसरलेला आहे. अखंड नाइसमध्ये पाणी जवळजवळ शिरतच नाही. ते साठते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि वाहते त्याखालच्या भेगांतून.

कोलार जिल्ह्यात बारमाही नदी नाही. भूजलाचा बेसुमार उपसा होऊन कूपनलिका हजार फुटांखाली गेल्या, तेव्हा कोरमंगला–चल्लघट्टा खोऱ्यात प्रक्रिया केलेले बंगळूरचे सांडपाणी, दररोज ४४ कोटी लिटर या हिशेबाने, कोलारच्या शंभराहून अधिक तलावांत सोडण्याची योजना आखण्यात आली आणि जून २०१८मध्ये ते पाणी तिकडे पोहोचू लागले. मुरणारे हे पाणी विहिरीपर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचेल, हा प्रश्न मला पाणी किती मुरेल यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग फ्रान्सच्या दिजाँ शहरी आंरी दार्सी यांनी १८५६मध्ये सोडवला. वाळूने भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून त्यांनी दाखवले की, प्रवाह हा दाबाच्या उताराच्या प्रमाणात असतो. परंतु वाटेत खनिजे विरघळतात, क्षार साचतात, जीवाणू द्रव्ये पालटतात. म्हणून आजचे गणिती प्रतिरूप भूगर्भाचे लहान लहान खण कल्पून, प्रत्येक खणात किती द्रव्य वाहून आले, किती पसरले आणि रासायनिक क्रियेने किती निर्माण झाले वा नाहीसे झाले, याचा जमाखर्च क्षणाक्षणाला मांडते. त्यातील कळीची राशी जर्मन रसायनज्ञ डामक्योलर यांच्या नावाने ओळखली जाते : पाणी जितका काळ खडकात राहते, त्याची क्रियेला लागणाऱ्या काळाशी तुलना.

कोलारच्या बाबतीत ही तुलना दोन्हीकडून अडचणीची ठरते. सांडपाण्यातील नायट्रेटचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन वायूत करणारे जीवाणू प्राणवायूविरहित, सेंद्रिय द्रव्य असलेल्या मातीत काम करतात आणि त्यांना अवधी हवा असतो; पाणी भेगेतून झपाट्याने निघून गेले, तर नायट्रेट तसेच विहिरीत उतरते. उलट, खोल भेगांत दीर्घकाळ पडून राहिलेल्या पाण्यातील कॅल्शियम चुन्याच्या रूपाने साचून बसते, आणि कॅल्शियम घटले की खडकातील फ्लोराइड अधिक विरघळू लागते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची कमाल मर्यादा. तिच्यावरचे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांचे दात व हाडे बिघडतात. म्हणजे जलद प्रवाहात एक भय, मंद प्रवाहात दुसरे, आणि सर्व खडक सारखाच सच्छिद्र आहे असे धरून सरासरी काढणारे प्रतिरूप या दोन्ही भयांना झाकून टाकते.

तेव्हा तलाव भरले आणि विहिरींची पातळी चढली एवढ्यावर या योजनेचे यश ठरवणे मला मान्य नाही. अशा प्रत्येक तलावाजवळच्या निवडक विहिरींत पातळीबरोबरच नायट्रेट, फ्लोराइड व कॅल्शियम नियमाने मोजले जावे, ते आकडे प्रतिरूप तयार करणाऱ्यांच्या हाती पडावेत आणि ज्या गावाचे पाणी, त्या गावच्या पंचायतीच्या दप्तरीही ते कन्नड भाषेत उपलब्ध असावेत.