दोन आम्लं, दोन फुगे

दोन शंकुपात्रं घ्या. एकात हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं. दोन्ही ५० मिलीलीटर, दोन्हींची संहती १ मोलार. दोन फुग्यांत मॅग्नेशिअमच्या फितीचे तुकडे, प्रत्येकी एक ग्रॅम. फुगे पात्रांच्या तोंडावर चढवून एकदम उलटे करायचे. डोळ्यांवर चष्मा हवा आणि आसपास ज्योत नको, कारण तयार होणारा वायू हायड्रोजन आहे.

हायड्रोक्लोरिकच्या पात्रात फेस उसळतो, फुगा झरझर फुगतो. शेजारी नुसते बुडबुडे, फुगा अजून लुळाच. शिक्षकांनी इथेच प्रयोग आवरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इथे थांबलं, तर ॲसेटिकसारख्या सौम्य आम्लात ‘आम्ल कमी’ असते, ही समजूत पोरांच्या डोक्यात पक्की बसते. पात्रं तशीच ठेवून दुसरा विषय शिकवावा आणि मग वळून पाहावं. मागे पडलेला फुगा हळूहळू पहिल्याएवढा होतो. दोन्हींत सुमारे ६०० मिलीलीटर हायड्रोजन!

हे घडतं कसं? पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळपास सगळे रेणू विचरण पावतात आणि हायड्रोजन आयन मोकळे होतात. ॲसेटिक आम्लाच्या या द्रावणात मात्र हजारात जेमतेम चार रेणू फुटलेले असतात. मॅग्नेशिअमने मोकळे आयन वापरले, की तोल ढळतो आणि आणखी रेणू फुटतात. दुकानात थोडाच माल मांडलेला, बाकीचा कोठारात. गिऱ्हाईक नेईल तसा बाहेर येतो. कोठारं दोन्हींची सारखीच भरलेली. म्हणूनच उदासिनीकरणालाही दोन्हींना सोडिअम हायड्रॉक्साइड सारखंच लागतं.

विद्युतवाहक द्रावणांत आयन आधीपासूनच असतात, हा विचार स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठातल्या प्रबंधात मांडला. परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये याच सिद्धांतासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी, असंही कुणी समजू नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्यांतच मोडतं, तरी ते काच खातं. म्हणून ते प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात. कातडीतून आत शिरून ते शरीरातलं कॅल्शिअम बांधून टाकतं. शाळेच्या कपाटात त्याला जागा नाही.