आधी दार पाहा, मग वाट धरा

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो, ‘कुठल्या साइडला जाणार?’ सांगलीत सहा वर्षं शिकवत होते तेव्हा हा प्रश्न घेऊन येणारे पालक मी खूप पाहिले. अमेरिकेत तोच प्रश्न पुन्हा भेटला तो एका खेळात, वीस बाजूंच्या फाशासकट!

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं तो खेळतात आणि आईवडील ‘ते ड्रॅगनचं काहीतरी’ म्हणून सोडून देतात. खरं तर हा खेळ आपल्या शेजारचाच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला, आणि गायगॅक्स राहायचे लेक जिनिव्हाला. म्हणजे मिलवॉकीहून गाडीने तासाभरावर, उन्हाळ्यात आपण बोटीत बसायला जातो त्या गावात.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पात्राला एक ‘क्लास’ असतो, म्हणजे त्याचा पेशा. लढणारा तो फायटर, मंत्रविद्या शिकलेला तो विझार्ड, देवाचा भक्त तो क्लेरिक आणि कुलपं उघडणारा, चोरपावलांनी फिरणारा तो रोग. (मराठी कानाला हा आजार वाटतो, पण इलाज नाही.) खेळत गेलं की अनुभवाचे गुण मिळतात आणि पात्र एकेक लेव्हल चढत विसाव्या लेव्हलपर्यंत जातं.

माझा अकरा वर्षांचा लेक वाचनालयातल्या शनिवारच्या गटात जातो. सोबत मोठं माणूस हवं म्हणून मी बसायला लागले आणि महिन्याभरात माझंही पात्र तयार झालं. चिमी तिचं नाव. हाफलिंग जातीची, आपल्या कमरेएवढी, पेशाने रोग. आमचे डंजन मास्टर साठी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्याकडची पुस्तकं २००३ सालच्या साडेतीन आवृत्तीची, म्हणून आम्ही तीच खेळतो. आणि या आवृत्तीत आहेत प्रेस्टिज क्लास.

प्रेस्टिज क्लास म्हणजे पुढचा, खास पेशा. तो पहिल्या लेव्हलला घेता येत नाही. आधी साध्या क्लासमध्ये काही लेव्हल काढायच्या, ठरावीक अटी पुऱ्या करायच्या, मग त्याचं दार उघडतं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत डंजन मास्टरच्या पुस्तकात असे सहाच क्लास होते. २००३ मध्ये ते सोळा झाले आणि पुढे पुरवणी पुस्तकांतून शेकडो आले. धनुष्याला मंत्राची जोड देणारा आर्केन आर्चर, ज्ञानाच्या मागे लागलेला लोअरमास्टर, सावलीत विरघळणारा शॅडोडान्सर, अशी ही मंडळी. मुलं नावं वाचूनच हरखतात. आमच्या एका खेळाडूला असॅसिन व्हायचं होतं. त्याची अट वाचून टेबलावर शांतता पसरली, कारण इतर कुठलंही कारण नसताना, केवळ त्या पंथात प्रवेश मिळावा म्हणून कुणाला तरी ठार मारावं लागतं. दुष्ट पात्रं आमच्या टेबलावर चालत नाहीत, त्यामुळे ते दार बंदच राहिलं. हे क्लास ऐच्छिक आहेत आणि कुठला चालेल हे डंजन मास्टरने ठरवायचं, असं पुस्तकातच लिहिलेलं आहे.

माझं लक्ष गेलं शॅडोडान्सरकडे. त्याच्या पहिल्याच लेव्हलला एक विलक्षण गोष्ट मिळते. जवळपास कुठेतरी सावली असली की झालं, समोरचा बघत असतानाही लपता येतं. पण अटी पाहा. लपण्याच्या कौशल्यात दहा गुण, चाहूल न देता चालण्यात आठ, आणि नाचात पाच! शिवाय तीन ‘फीट’, म्हणजे खास हातोट्या: डॉज, मोबिलिटी आणि कॉम्बॅट रिफ्लेक्सेस.

आता हिशेब. एखाद्या कौशल्यात लेव्हलपेक्षा जास्तीत जास्त तीन गुण अधिक ठेवता येतात. म्हणजे लपण्याचे दहा गुण सातव्या लेव्हलला पुरे होणार आणि दार उघडणार आठव्याला. फीट मिळतात पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या लेव्हलला. माणूस जातीच्या पात्राला सुरुवातीला एक जादा मिळते, हाफलिंगला नाही. म्हणजे चिमीच्या तिन्ही फीट याच कामी जाणार. सहाव्या लेव्हलला मोह पडून वेपन फिनेस घेतली, तर पुढची फीट थेट नवव्या लेव्हलला आणि दार दहाव्याला. मोह काही वाईट नाही. चिमीच्या अंगात जोर कमी, चपळाई जास्त, आणि वेपन फिनेसने सुरी चालवताना चपळाईच जोराच्या जागी धरली जाते. त्याचा फायदा आज, याच लढाईत मिळाला असता. लेक म्हणाला, “आई, तू आत्ताच काय ते ठरव. नंतर अडशील.”

दुसरा हिशेब आत गेल्यावरचा. नव्या पेशाची लेव्हल घेतली की जुना पेशा तिथेच थांबतो. रोगचा आडून केलेला वार दर दोन लेव्हलला वाढतो, शॅडोडान्सर तो वाढवत नाही. कुलूप उघडणं आणि सापळे निकामी करणं ही कामं शॅडोडान्सरच्या यादीत नाहीत, त्यामुळे तिथे ती वाढवायला दुप्पट गुण मोजावे लागतात. आणि आमच्या गटात सापळे काढणारी चिमी एकटीच! दुसऱ्या लेव्हलला शॅडोडान्सरला मिळणारं इव्हेजन तर रोगकडे आधीपासून असतंच.

आमच्या गटातली कॉलेजात जाणारी मुलगी मिस्टिक थिअर्ज होणार आहे. तीन लेव्हल विझार्ड, तीन लेव्हल क्लेरिक आणि पुढे दोन्ही विद्या एकत्र वाढवायच्या. ऐकायला छान, पण सहाव्या लेव्हलला नुसता विझार्ड तिसऱ्या पायरीचे मंत्र म्हणत असतो आणि ही दोन्हीकडे दुसऱ्याच पायरीवर असते. दोन दगडांवर पाय ठेवायचे तर ही तीन लेव्हलची पिछाडी सोसावी लागते. तिने ती जाणूनबुजून घेतली आहे, कारण आमच्या गटात जखमा बऱ्या करणारं दुसरं कुणी नाही. मला हे कारण पटलं. किती फटाके फुटतील यापेक्षा टेबलावर कशाची गरज आहे, हे तिने आधी पाहिलं.

पुढच्या आवृत्त्यांनी ही वाट सोपी केली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत अकराव्या लेव्हलला खास मार्ग निवडायचा असे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बहुतेक क्लासची उपशाखा तिसऱ्या लेव्हलला येते, आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकात तर सगळ्यांचीच. मुलांना ते सोयीचं आहे. मला मात्र जुनी पद्धत आवडते, कारण तिच्यात निवड करायची तर किंमत आधी वाचावी लागते.

हे सगळं मांडताना माझ्या स्वतःच्या कागदावरही तेच प्रश्न उतरले. एमए आहे, वर्गात काढलेली वर्षं आहेत, मधली काही वर्षं व्हिसामुळे घरी गेली, आता कामाची परवानगी आली आहे. पण इथे प्रत्येक राज्याचा शिक्षकी परवाना वेगळा, त्याच्या अटी वेगळ्या. ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशा मुलांना शिकवण्याचा परवाना मला घ्यायचा आहे. दार कधी उघडेल? तोवर हातात काय असेल? आणि आत गेल्यावर मागे काय थांबेल? तिसऱ्या प्रश्नाशी मी बरेच दिवस अडले. मंडळाचा रविवारचा मराठीचा वर्ग मला सोडायचा नव्हता.

उत्तर नियमांच्या पुस्तकातच सापडलं. प्रेस्टिज क्लासच्या दहाही लेव्हल घेतल्याच पाहिजेत असं कुठेही नाही. चिमी सहाव्या लेव्हलला कॉम्बॅट रिफ्लेक्सेस घेईल, आठव्याला शॅडोडान्सरची एकच लेव्हल घेईल आणि परत रोगकडे येईल. दहाव्या लेव्हलला तिचा आडून केलेला वार अखंड रोग राहिलेल्या पात्राइतकाच असेल, सापळे काढायला ती हजर असेल, आणि वर सावलीत लपण्याची विद्याही. नव्या दारातून आत गेलं म्हणजे जुनं घर सुटलंच, असं नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको.

परवान्याच्या अभ्यासक्रमासाठी माझा अर्ज गेला आहे. रविवारचा वर्ग चालू राहील, फक्त सकाळऐवजी दुपारी तीनला भरेल. पालकांनी कृपया नोंद घ्यावी. आणि तुमची मुलं हा खेळ खेळत असतील, तर एकदा त्यांच्या पात्राचा कागद मागून बघा आणि विचारा, ‘दहाव्या लेव्हलला हा कोण असेल?’ दहावीच्या निकालानंतर विचारतो तोच प्रश्न आहे, पण इथे मुलं आपणहून तासभर उत्तर देत बसतात.